काकूंचा सिनेटर

अमेरिकेत एडिसनला आल्यावर पहिलं दीड वर्ष मी काहीच केलं नाही. नवरा सकाळच्या ट्रेनने ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी सातला परत यायचा. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि फूटपाथ कुठेही अचानक संपून जायचे, त्यामुळे पायी जायचं तर तेही फार लांब जमायचं नाही. नागपूरला मी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आठ वर्षं गेली होती आणि ते काम मला मनापासून आवडायचं. इथे मी जाहिरातींची पत्रकं वाचत बसायचे आणि त्यातल्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करायचे.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, एका शाळेच्या हॉलबाहेर, बोर्डावर हाताने लिहिलेला कागद लावलेला दिसला. ‘मराठी टायपिंग येणारी व्यक्ती हवी. पुस्तकाचे काम आहे.’ अक्षर डॉक्टरचं होतं, पण ऱ्हस्व-दीर्घ अचूक होते. मी फोन केला.

ते काका निवृत्त भूलतज्ज्ञ होते. मूळचे साताऱ्याकडचे, साठच्या दशकाच्या शेवटी इकडे आलेले. आमच्यापासून अर्ध्या तासावर एका जुन्या गावात त्यांचं घर होतं. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा कॅलिफोर्नियात होता. पहिल्या शनिवारी नवऱ्याने मला सोडलं, तेव्हा काकांनी दारातच सांगितलं, की पैसे द्यायचे म्हटलं तर तुझ्या व्हिसाची पंचाईत होईल, तेव्हा त्याच्या बदल्यात मी तुला गाडी शिकवीन.

पुस्तक कशावर आहे असं मी विचारलं. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. रस्त्याच्या टोकाला, दोन मोठ्या झाडांमागे, पांढऱ्या लाकडी फळ्यांचं एक दुमजली घर दिसत होतं. अमेरिकेची राज्यघटना अगदी नवी होती त्या काळात या राज्यातून जे सिनेटर निवडून गेले, त्यांतल्या एकाचं ते घर. आता तिथे म्युझियम होतं, रविवारी दुपारी उघडणारं.

“त्याच्यावर इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक आहे,” काका म्हणाले. “ते कुणी वाचत नाही. मराठीत निदान न वाचण्यासारखंही अजून काही नाहीये.”

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत.

खरं कारण हळूहळू कळलं. लग्न होऊन काकू इथे आल्या तेव्हा दोघांची ओळख या गावात कुणाशीच नव्हती. पहिल्या रविवारी फिरता फिरता ते त्या घराशी पोचले आणि आत जायला तिकीट नाही म्हणून आत गेले. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं घर दाखवलं, आणि शेवटी काकूंची साडी पावसात ओली झालेली बघून त्यांना स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. या देशात काकूंना कुणी दिलेला तो पहिला चहा. मग भारतातून जो कुणी पाहुणा येई त्याला काकू आधी त्या घरात घेऊन जात. ‘आमचा सिनेटर’ म्हणत. त्याची तलवार, त्याचं मेज, आठातली पाच मुलं गेली ती खोली, सगळं पाहुण्यांना मराठीत सांगत. काकू गेल्यावर काकांनी ते लिहायला घेतलं होतं.

आमचं काम असं चालायचं. काका वहीत लिहून ठेवायचे, मी नागपूरहून आणलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे, मग ते वाचून दाखवायचे आणि मी अडवायचे. ‘सदर इसम’ नको, ‘तो’ म्हणा. ते वैतागायचे आणि ऐकायचे. दुपारी त्यांच्या जुन्या गाडीतून शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला चकरा मारायला लावायचे. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही. पेशंटला भूल देताना बोलत असतील तसं सावकाश बोलायचे. तिसऱ्या खेपेला मी लायसन्सची परीक्षा पास झाले, तेव्हा त्यांनी गाडीची दुसरी किल्ली मला देऊन टाकली.

सिनेटर गिरणीवाल्याचा मुलगा. स्वतःच्या हिमतीवर कायदा शिकला, स्वातंत्र्याच्या लढाईत सैन्याला धान्य पुरवलं, आणि मग राज्याच्या विधिमंडळाने त्याला सिनेटवर पाठवलं. त्या वेळी सिनेटची बैठक बंद दारामागे चालायची, बाहेरच्याला ऐकायची मुभा नव्हती. तो फारसं बोलत नसे, पण मतदान कधी चुकवत नसे. इकडे त्याची बायको गिरणी बघायची, शेत बघायची, मुलांना पुरायची, आणि दर आठवड्याला नवऱ्याला पत्र लिहायची. काही वर्षांनी, मुदत संपायच्या आधीच, त्याने दोन ओळींचा राजीनामा पाठवला आणि घरी येऊन बसला. पुढची वीस वर्षं त्याने सफरचंदाची झाडं लावण्यापलीकडे काही केलं नाही. इंग्रजी पुस्तकात एवढंच होतं, की कौटुंबिक कारणांमुळे तो निवृत्त झाला.

“एवढ्यावर कसं सोडतात लोक?” काका म्हणायचे. “कौटुंबिक कारण म्हणजे काय ते नको सांगायला?”

ते शोधायला आम्ही तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीत जाऊ लागलो. वाचनालयाच्या तळघरात दोन खोल्या, एक हीटर, आणि पेन आत न्यायला बंदी. आता गाडी मीच चालवत होते. दोन हिवाळे आम्ही तिथे पेन्सिलीने नकला केल्या. बायकोची पत्रं एका पेटीत होती. अक्षर लहान, ओळी दाटीवाटीने, कागद वाचवायचा म्हणून आडव्या ओळींवर पुन्हा उभ्या ओळी लिहिलेल्या. काकांची नजर तिथे टिकत नसे. मला सवय होती.

राजीनाम्याच्या आधीच्या शरदात सिनेटरची बायको आजारी पडली. पहिल्या पत्रात तिने ते सहज सांगितलं होतं, गिरणीच्या जात्याची बातमी आधी आणि खोकल्याची नंतर. मग लिहिलं, रस्ते गोठायच्या आत या. त्याचं उत्तरही पेटीत होतं. एका विधेयकावर एकेका मताची ओढाताण चालू आहे, ते झालं की निघतो. पुढच्या पत्रात तिने पुन्हा लिहिलं. त्याने पुन्हा तेच कळवलं. मतदान झालं तोवर बर्फ पडला होता. तो पोचला तेव्हा तिला जाऊन दहा दिवस झाले होते.

काकांनी हे प्रकरण एका आठवड्यात लिहिलं. मी टाइप करताना मध्येच थांबले, तर ते म्हणाले, “चांगलं झालंय ना?” चांगलंच झालं होतं. त्यात एकही शब्द बदलावा असं मला वाटलं नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मला तिचं शेवटचं पत्र सापडलं. ते दुसऱ्याच गठ्ठ्यात, गिरणीच्या कागदांत, चुकून गेलेलं होतं. घरात एक गुलाम बाई होती. तीन महिने तिनेच आजारणीचं सगळं केलं होतं, अंग पुसणं, कूस बदलणं, हातात वाडगा धरून भरवणं. बायकोने लिहिलं होतं, की मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता एवढंच मागते, हिला मोकळी करा.

मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, केली असेल. आणि मग आम्ही सिनेटरच्या मृत्यूनंतर झालेली त्याच्या मालमत्तेची यादी काढली. वीस वर्षांनंतरची. घोडे, गायी, मग ती बाई, मग भिंतीवरचं घड्याळ. नुसतं पहिलं नाव, आणि त्यापुढे ‘म्हातारी’ एवढा एक शब्द.

काकांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. मग म्हणाले, “हे घ्यायला नको.”

मी विचारलं, का. ते म्हणाले, तो काळच तसा होता, सगळेच ठेवायचे. त्याची बायको गेली, तो खचला, राजीनामा दिला, ही गोष्ट पूर्ण आहे. तिच्यात आता हे घालायचं कारण नाही. मी म्हटलं, काका, ज्या पत्रासाठी आपण दोन हिवाळे इथे बसलो तेच हे पत्र आहे. ते म्हणाले, “पुस्तक माझं आहे.”

मी त्यांना घरी सोडलं, किल्ली शू-रॅकवर ठेवली आणि नवऱ्याला न्यायला बोलावलं. पुढचे दोन शनिवार मी गेले नाही. मला त्यांचा राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. सकाळी नऊ वाजले की मी तयार होऊन बसायचे आणि मग कपडे बदलायचे.

तिसऱ्या शनिवारी त्यांचा फोन आला. पोहे केलेत, ये म्हणाले. पोहे कोरडे झाले होते. मी खाल्ले. त्यांनी स्वतः खाल्ले नाहीत, समोर बसून बोलत राहिले. इतकं सलग ते कधी बोलत नसत.

काकूंना कराडला बहिणीकडे जाऊन राहायचं होतं. कायमचं नाही, एक वर्ष. बहिणीचा जिना बाहेरून होता, त्याच्या पायऱ्यांवर बसून दोघींनी गप्पा मारायच्या, एवढीच कल्पना होती. त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मुलगा शाळेत होता. काका म्हणाले, त्याचं कॉलेज सुरू होऊ दे. मग म्हणाले, माझी रिटायरमेंट होऊ दे. रिटायर झाल्यावर म्हणाले, किचनचं काम काढलंय ते संपू दे. शेवटी दोन हजार एकच्या सप्टेंबरअखेरीची दोन तिकिटं काढली. काकूंनी बॅगा भरल्या. त्या महिन्यात जे झालं ते झालं आणि विमानं बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली तरी काका म्हणाले, जरा सगळं शांत होऊ दे, आणि त्यांनी तिकिटं कॅन्सल केली. जानेवारीत काकूंचा कॅन्सर कळला. एप्रिलमध्ये त्या गेल्या. बॅगा तशाच होत्या. बहिणीसाठी घेतलेले स्वेटर काकांनी नंतर पोस्टाने पाठवले.

“तिने पुन्हा विचारलं नाही,” काका म्हणाले. “आजारपणात एकदाही नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, त्याचा मी रोज विचार करतो.”

मी ताटली उचलून सिंकमध्ये ठेवली. मागून त्यांचा आवाज आला.

“मी सांगतो, लिहून घे ते पान. पत्र जसंच्या तसं घे. यादीही घे. आणि त्याने ते का केलं नाही, हे मला माहीत नाही, असं लिही.”

त्या वर्षी आमचं काम सगळ्यांत जोरात झालं. काकांना आता त्या बाईचं पुढे काय झालं ते हवं होतं. सिनेटरच्या मुलींच्या घरांचे कागद बघितले, जुनी वर्तमानपत्रं बघितली. कुठेच काही नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘चर्चच्या दफनाच्या नोंदी बघायच्या.’

डिसेंबरात त्यांना स्ट्रोक आला. शेजारच्या बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि फ्रिजवर माझा नंबर होता म्हणून मला फोन केला. मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते आणि नर्स फार गोंधळलेली होती. ज्या हॉस्पिटलात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काम केलं तिथेच ते होते, तिथल्या जुन्या माणसांना ते ओळखत होते, पण त्यांचं इंग्रजी गेलं होतं. समोरचा काय म्हणतो ते थोडंफार कळायचं, पण बोलायला तोंड उघडलं की मराठीच यायचं, तेही तुटक. डॉक्टर म्हणाले असं होतं कधी कधी.

दुसऱ्या दिवशी मुलगा कॅलिफोर्नियाहून आला. चाळिशीकडे झुकलेला, उंच, बापासारख्याच भुवया. त्याला मराठीतले चार शब्द यायचे. पाणी, चल, झोप, बस. तो पलंगाशी वाकून इंग्रजीत बोलायचा, काका मराठीत उत्तर द्यायचे, आणि तो मान वर करून माझ्याकडे बघायचा. “व्हॉट इज ही सेइंग?”

मग मी सांगायचे. आठ दिवस मी दोघांच्या मधे बसून हेच केलं. बहुतेक बोलणं साधंच असायचं. उशी वर कर. हीटर बंद केलास का. तुझी मुलगी कितवीत आहे. काही शब्द मलाही लागत नसत, तेव्हा मी अंदाजाने सांगायचे आणि नंतर आपण चुकीचं तर सांगितलं नाही ना असं वाटत राहायचं.

एका दुपारी काका त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत, म्हणाले, “तुला मराठी शिकवायला हवं होतं. वेळ नव्हता असं नाही.”

मुलाने माझ्याकडे बघितलं. आठ वर्षं मी लोकांची वाक्यं सुधारली होती, पण हे वाक्य मला मऊ करता आलं नाही. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग परत येऊन मला विचारलं, ‘मी इथे आहे’ हे मराठीत कसं म्हणतात. मी सांगितलं. त्याने बापाचा हात धरून ते म्हटलं. त्याच्या तोंडून ‘इथे’मधला ‘थ’ निघालाच नाही. काकांनी मान हलवली आणि स्वतः नीट म्हणून दाखवलं, “मी इथे आहे.” तो पुन्हा म्हणाला. असं चार-पाच वेळा झालं. मी बाहेर जाऊन कॉफीच्या मशीनपाशी उभी राहिले.

त्यानंतर तीन दिवसांनी दुसरा स्ट्रोक आला आणि काका गेले.

घर आवरताना मुलाने मला बोलावलं. वह्यांचं खोकं मेजावर होतं. हे काय आहे, त्याने विचारलं. बाप पुस्तक लिहितोय हे त्याला माहीतच नव्हतं. सिनेटरचं घर म्हणजे लहानपणी दर पाहुण्याबरोबर फरफटत नेलेली कंटाळवाणी जागा, एवढंच त्याच्या लक्षात होतं. खोकं माझ्याकडे दे, असं म्हणायचा माझा हक्क नव्हता. त्यानेच ते उचलून माझ्या गाडीत ठेवलं. मग काच खाली करायला लावून विचारलं, की तू मला हे इंग्रजीत वाचून दाखवशील का. थोडं थोडं. फोनवर.

दोन हजार सातचं जवळजवळ सगळं वर्ष आम्ही दर रविवारी सकाळी ते केलं. त्याच्याकडे तेव्हा जेमतेम सात वाजलेले असायचे. मी टाइप केलेली पानं समोर घ्यायचे आणि वाचता वाचता इंग्रजी करत जायचे. तो मध्ये फारसं बोलत नसे. आईच्या आठवणी काकांनी प्रस्तावनेत लिहिल्या होत्या, त्या त्याने दोनदा वाचायला लावल्या. तिकिटांची गोष्ट पुस्तकात नव्हती. ती त्याला सांगावी की नाही, याचा मी फार दिवस विचार केला आणि शेवटी सांगितली नाही. आजही ते बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही.

शेवटच्या पत्राचं पान वाचलं त्या दिवशी त्याने मग विचारलं, त्या बाईचं काय झालं. मी म्हटलं, तुझे बाबा तेच शोधत होते.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात नवऱ्याची बदली शिकागोकडे झाली. शॉमबर्गला अपार्टमेंट घेतलं, सामान ट्रकमध्ये गेलं. निघायच्या आदल्या आठवड्यात मी एकटीच गाडी घेऊन त्या गावात गेले. काकांचं घर विकलं गेलं होतं, दारात तीनचाकी सायकल होती. चर्चच्या ऑफिसात एका बाईंनी दफनाच्या नोंदींची जुनी वही काढून दिली. त्या काळातल्या पाच-सहा वर्षांची पानं पाण्याने चिकटून एक ठोकळा झाली होती. पुढची आणि मागची मी ओळ न ओळ वाचली. संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत वाचत होते. ती नव्हती.

रविवारी फोनवर मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, तसंच लिही. मी खोक्यातून शेवटचं प्रकरण काढलं. काकांचं लेखन सफरचंदाच्या बागेपाशी थांबलेलं होतं. त्याखाली मी टाइप केलं, ‘या बाईचे पुढे काय झाले, याची नोंद मिळत नाही.’ त्या सबंध पुस्तकातलं माझं असं ते एकच वाक्य. त्याला वाचून दाखवलं. त्याने ते मराठीतही ऐकायला मागितलं.